न भिजवलेली पाणकाठी

मी, इस्तारी लटारू पचारे, वय एकसष्ट, पूर्वी आश्रमशाळेत सुतारकाम शिकवायला होतो व आता घरीच लाकूडकाम करतो, राहणार मौजा डोंगाटोली, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, आज शनिवारी सकाळी चहा पिऊन, कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने व माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात मात्र थरथरत आहे, त्यामुळे अक्षर वाकडे दिसले म्हणून हे माझे नव्हेच असा वाद कोणी काढू नये.

मी आजारी नाही. दारू पीत नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिले आणि तुम्हाला काही झालेले नाही असे सांगितले. तरी मी मरेन असे मला वाटते, कारण परवा सोमवारी मी डोहात उतरणार आहे. ढिवराच्या, म्हणजे पिढीजात मासेमाराच्या, घरातल्या माणसाने पाण्यात उतरायच्या आधी मृत्युपत्र करावे, हे वाचून टोलीतले लोक हसतील. हसू द्यावे. मला भीती वाटते आणि ती का वाटते हे पुढे येईलच. आधी सोपे सोपे लिहून घेतो.

कलम पहिले. माझ्या मागे बायको वच्छला, मुलगा लोकेश आणि मुलगी दिव्या असे तिघे वारस आहेत. लोकेश चंद्रपूरला मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात आहे. दिव्या मालवणला असते. तिकडे पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेतात, त्या कामावर ती आहे. राहते घर आणि मागची सांदवाडी वच्छलाची. तिच्या नंतर दोन्ही लेकरांची सारखी. लोकेशने मुलगा म्हणून जास्त मागू नये आणि दिव्याने मुलगी म्हणून कमी घेऊ नये. पावसाळ्याआधी छपराचे कवेलू फेरून घ्यावे, उत्तरेकडची बाजू गळते.

कलम दुसरे. बँकेत जे काही आहे ते वच्छलाचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

कलम तिसरे. माझा सागाचा डोंगा मच्छीमार सोसायटीला द्यावा. ज्याच्याजवळ डोंगा नाही त्याने तो वापरावा. सोसायटीचे अध्यक्ष वामनराव यांनी मात्र त्यात तालुक्याच्या पाहुण्यांना बसवून फोटो काढू नयेत. याच वामनरावांनी सहा वर्षांपूर्वी भर सभेत माझ्या कामाबद्दल, "मास्तर म्हातारपनी खेळनी बनवून राह्यले," असे उद्गार काढले होते. मी तेव्हा हसलो होतो. मला हसू आलेले नव्हते. वामनरावांना माझ्याकडून बाकी काही नाही.

कलम चौथे. आता धंद्याबद्दल लिहितो, कारण ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

पाण्याखाली बुडी मारून मासा टिपायच्या लाकडी बंदुका मी बनवतो. आमच्या जिल्ह्यात मांडीवर गाठोडे घेऊन "यात बंदूक आहे" असे म्हणायची सोय नाही. एकदा बसमध्ये मी तसे सहज बोललो, तर शेजारची बाई लेकरू उचलून मागच्या बाकड्यावर गेली आणि पुढच्या नाक्यावर मला सगळे उघडून दाखवावे लागले. तेव्हापासून मी तिला पाणकाठी म्हणतो. चार-साडेचार फुटांचा सागाचा दांडा. त्याच्या पाठीवर सळई बसायची पन्हळ, पुढे जाड रबर, मागे मूठ. सळईची शेपटी मागच्या खोबणीत, म्हणजे घरात, ढकलली की टक्‌ आवाज होऊन खिट्टी, म्हणजे आतला लोखंडी आकडा, तिला धरते. मग रबर ओढून सळईच्या खाचेत अडकवायचे. घोडा दाबला की खिट्टी सुटते आणि सळई जाते. एवढेच. पण एवढेच नीट करायला माझी अठरा वर्षे गेली.

पहिली अशी काठी मी पोचू मडावीच्या हातात पाहिली. पोचू हा हेमलकशाच्या पलीकडच्या गावचा, आमच्या आश्रमशाळेत स्वयंपाकी होता. त्याची काठी म्हणजे सायकलची ट्यूब, छत्रीची काडी आणि गुळगुळीत न केलेले लाकूड. तरी उन्हाळ्यात नदी नितळ झाली की तो तिच्याने मरळ टिपायचा. मी सुतार माणूस, माझे हात शिवशिवले. अख्ख्या फळीचा दांडा पाण्याने पीळ खातो आणि सळई बाजूला जाते, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळले. म्हणून मी पाच पातळ पट्ट्या काढतो आणि एकीचा रेशा उजवीकडे तर शेजारणीचा डावीकडे अशा उलटसुलट चिकटवतो. दोघी एकमेकींना ओढून धरतात आणि दांडा सरळ राहतो. चांगल्या नांदत्या घरात असेच चाललेले असते. माझ्या काठीची सळई तीन वाव, म्हणजे अठरा फुटांवरून रुपयाच्या नाण्यावर बसते. हे मी फुशारकीने लिहीत नाही. बरे, थोडे फुशारकीनेच लिहीत आहे. लोकेशने मोबाइलवर फोटो टाकल्यापासून मालवण, रत्नागिरी, गोव्याकडचे लोक हाताचे माप पाठवतात आणि मी त्या हाताला बसेल अशी काठी करून देतो.

लाकूड फुगते, हे मात्र कोणत्याही सुताराला टळत नाही. म्हणून नियम असा की काठी तयार झाली की तीन दिवस डोहाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. चौथ्या दिवशी बनवणाऱ्याने स्वतः डोहात उतरून ती अकरा वेळा मारायची. मगच ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. हा नियम पोचूचा. तो म्हणायचा, "मास्तर, आपुन उतरलो नाई त्या पान्यात दुसऱ्याले धाडू नये." दर काठी घेऊन मी त्याच्या गावच्या डोहावर जात असे, कारण तिथले पाणी आमच्या वैनगंगेपेक्षा नितळ असते.

माझे रंधे, पटाशा, गिरमिटे, शिकंजे आणि गुण्या लोकेशला. वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, त्यात धरू नये. वाकसाचे वेगळे लिहितो.

कलम पाचवे. मापांची निळी वही दिव्याला. त्यात प्रत्येक काठीचे माप, रबराचा ताण आणि ती कोणाकडे गेली ते आहे. दिव्याइतकी माझी काठी कोणाला कळत नाही. ती आठ वर्षांची असताना नदीवर रडत उभी होती, पाण्यात पाय टाकायला तयार नव्हती. मी तिला म्हणालो, "ढिवराची पोट्टी आन् पान्याले भेतं?" आणि उचलून टाकली. गटांगळ्या खाऊन बाहेर आली ती थेट मला चावली. पण महिनाभरात पोहायला लागली, आणि पुढे त्याच पोहण्यावर तिला समुद्राकाठी काम लागले. मी ही गोष्ट लग्नाकार्यात शंभरदा सांगितली आहे. आता ती लिहिताना मला लाज वाटते.

कलम सहावे. पोचू मडावीबाबत.

दोन वर्षे व्हायला आली. वैशाख होता. मी पोचूच्या गावच्या डोहात एका नव्या काठीची चाचणी घेत होतो. सळईला मागे दोरी बांधलेली असते, मासा पळू नये म्हणून. सातवा बाण मारला, सळई तळाच्या बुडालेल्या झाडात गेली आणि दोरीचा वेढा माझ्या पायाला बसला. मी ओढले तसा तो आवळला. वर उजेड दिसत होता. माझ्या उंचीच्या दुपटीवर हवा होती आणि मी तिथे जाऊ शकत नव्हतो. मी ओरडलो. पाण्यात ओरडले की काय होते ते लिहीत नाही.

काठावर बसलेल्या पोचूने बुडबुडे पाहिले. तो उतरला, कोयत्याने दोरी कापली आणि मला केसाला धरून वर आणले. वाळूवर मी त्याला घट्ट मिठी मारून लहान लेकरासारखा रडलो, आणि माझी चड्डी पाण्याने भिजली होती तशी दुसऱ्यानेही भिजली होती. पोचूने ते पाहिले.  त्याने आपली लुंगी मला नेसायला दिली आणि माझी चड्डी धुऊन झुडपावर वाळत घातली.

त्या दिवसानंतर मला त्याचे तोंड पाहवेना. त्याने कुठे काही सांगितले असते तर बरे झाले असते, मला रागवायला कारण मिळाले असते. त्याने कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. तेव्हा मीच कारण काढले. पोचूने माझा वाकस नेला आणि परत दिला नाही, असे मी फोनवर त्याला म्हणालो आणि टोलीत चारचौघांतही सांगितले. तो एवढेच म्हणाला, "मी नाई नेला मास्तर. पाहून घ्या एकदा." मी फोन ठेवला.

वाकस माझ्याच माळ्यावर, मोहाच्या टोपल्यामागे, चिंध्यांत गुंडाळलेला आहे. मीच ठेवला आहे. तो पोचूला द्यावा आणि देताना हे कलम त्याला वाचून दाखवावे.

कलम सातवे. त्या वैशाखापासून मला पाण्याची भीती वाटते. हे मी पहिल्यांदाच कुठे लिहीत आहे. तोंडावर पाणी आले की छाती आवळते. डोक्यावरून तांब्या घेतला तर श्वास अडतो, म्हणून मी फडक्याने अंग पुसून घेतो आणि वच्छलाला सांगतो की सर्दी आहे. दोन वर्षे सर्दी. तिने कधी उलट विचारले नाही.

पण काठ्यांची मागणी तर चालूच होती. मग मी काय करत असे ते लिहितो. काठी झाली की गाठोडे बांधून, "चाचणीले जाऊन राह्यलो, चार दिवसांनी येतो," असे सांगून मी बसने निघे. आलापल्लीला उतरून एका ओळखीच्या सुताराकडे चार दिवस बसून राही. तो टेबल-खुर्च्या करतो, मी त्याला पॉलिश करायला मदत करी. निघताना त्याच्या अंगणातल्या नळाखाली काठ्या ओल्या करी, म्हणजे घरी वच्छलाला त्या पाण्यातून आलेल्या वाटत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ अशी होती.

चाचणी नाही तर निदान हातकाम तरी असे करू की चूक राहायला जागाच नको, असा विचार मी केला. पूर्वी मी खिट्टीच्या घरात चारी बाजूंनी काडेपेटीच्या काडीएवढी फट ठेवत असे. त्या फटीमुळे खिट्टी किंचित हलते आणि नेम केसभर ढळतो. मी फट ठेवणे बंद केले. पटाशीने कोरून, पुन्हा पुन्हा बसवून, खिट्टी घरात अशी घट्ट केली की कागद जाऊ नये. अशा तीन काठ्या झाल्या. तिन्ही अंगणात मारून पाहिल्या. कोंड्याच्या पोत्यावर एकाच भोकातून तीनतीन सळया गेल्या. मला वाटले, हे माझे सगळ्यांत चांगले काम.

ते कोरडे लाकूड होते.

कलम आठवे. यातच माझी भीती आहे, म्हणून मी हे सावकाश लिहितो.

गेल्या आठवड्यात आम्ही आरमोरीला लग्नाला तीन दिवस गेलो होतो. तिसरी काठी, जिला अजून गिऱ्हाईक आले नव्हते, गोठ्यातल्या गाईच्या टाक्याला टेकवून ठेवली होती. ती आत पडली. मंगळवारी आलो तेव्हा मला ती टाक्यात बुडालेली सापडली. बाहेर काढली, पुसली. काही बिघडले का पाहावे म्हणून सळई घातली. टक्‌ आवाज झाला. रबर चढवले, काठी लाकडी घोडीवर ठेवली आणि पेन्सिल घ्यायला वळलो. पाय घोडीला लागला. नुसता लागला. घोड्याला कोणी बोट लावले नव्हते, तरी सळई सुटली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या फळीतून आरपार गेली.

वच्छला चुलीपाशी उभी होती. त्याच क्षणी ती सांडशी उचलायला वाकली होती. सळई मागच्या भिंतीत तिच्या डोक्याच्या उंचीवर रुतली.

ती म्हणाली, "काय झालं?"

मी म्हणालो, "हात घसरला."

मग मी खिट्टी उघडून पाहिली. लाकडाने फुगून तिला दोन्ही बाजूंनी दाबले होते. ती पूर्ण खाली बसतच नव्हती. सळईला नखाएवढ्या टोकावर धरून राहिली होती. आवाज मात्र टक्‌ असाच येतो, आणि हाताला काही कळत नाही.

दुसरी काठी रत्नागिरीच्या सुरेंद्र नावाच्या माणसाकडे आहे. त्याला मी गुरुवारी फोन करून, लाकडात दोष निघाला, काठी पाण्यात नेऊ नका आणि परत पाठवा, असे सांगितले. परक्या माणसाशी खोटे बोलायला काही लागत नाही. त्याने काठी पार्सल केली आहे.

पहिली काठी दिव्याकडे आहे. ती सगळ्यांत घट्ट आहे, कारण ती लेकीची होती. होळीला आली तेव्हा ती घेऊन गेली. आतापर्यंत तासा-दोन तासांनी काढून सावलीत वाळवत होती, म्हणून लाकूड फारसे फुगले नसावे. पण उद्या रविवारपासून ती आणि तिची मैत्रीण उर्वशी बोटीवर चार दिवस बाहेरच्या खडकांकडे जाणार आहेत. काठ्या बोटीवर पाण्याच्या पिंपातच उभ्या राहतात. पाण्यात एक पुढे असते आणि दुसरी मागे.

दिव्याला मी फोन केलेला नाही. मंगळवारपासून रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. तिला लाकडातला दोष सांगून भागणार नाही. ती विचारेल, "बाबा, भिजवली होती ना? तुमी मारून पाह्यली होती ना?" म्हणून मी असे ठरवले आहे की सोमवारी पोचूच्या डोहात उतरून ही घरची काठी नियमाप्रमाणे मारून पाहावी, दोष नक्की झाला म्हणजे तिला कळवावे, आणि त्यात माझे काही बरेवाईट झाले तर हे कलम तिला वाचून दाखवावे व तिने ती काठी पाण्यात नेऊ नये.

येथे मृत्युपत्र संपणार होते. पुढचे त्याच दिवशी दुपारी लिहिले आहे.

साक्षीदार म्हणून मी दोघांना बोलावले होते. टोलीत लिहिता-वाचता येणारे आणि वारस नसलेले वयस्क माणूस म्हणजे वामनराव, तेव्हा नाइलाज होता. दुसरा पोचू. दोन वर्षांनी काल त्याला फोन केला आणि म्हणालो, सही पाहिजे. त्याने कशावर ते विचारले नाही. आज पहिल्या गाडीने निघून दुपारी आला.

साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, असे मी दोघांना सांगितले. वामनराव पेन काढून बसले. पोचू म्हणाला, "आयकल्याबिगर मी सही करत नाई मास्तर. वाचा."

मी वाचले. खेळण्यांचे कलम आले तेव्हा वामनरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. वाकसाचे कलम वाचताना मी पोचूकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "वाचा पुढं." वच्छला दारात येऊन उभी राहिली होती ते मला आठवे कलम वाचताना कळले.

"हात घसरला म्हने," ती म्हणाली. "चार दिवसांपासून दाराच्या त्या भोकातून मी अंगन पाहून राह्यली. तुमचा हात कधी घसरत नाई, मले मालूम नाई का?"

 वामनराव म्हणाले, "आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी, असं झालं हे. पोट्टी तिकडं, आन् तुमी कागद इथी लिहून राह्यले."

पोचूने मला विचारले, "सोमवारी तुमी डोहात. आन् पोरगी पान्यात कधी?"

"उद्या."

"मंग हा कागद तिले कधी वाचून दाखवाचा?"

मी म्हणालो, माझे काही झाले तर. पोचूने फोन माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "पयले फोन करा मास्तर. मराचं मंग पाहू."

"काय सांगू तिले?"

"जे लिवलं ते वाचा. मले वाचून दाखवलं ना आता? मी उठून गेलो का?"

मी फोन लावला. वच्छलाने तो माझ्या हातातून घेऊन आवाज मोठा केला आणि परत दिला. पोचूने माझे मनगट धरून ठेवले. दिव्याने उचलला.

मी म्हणालो, "काठी पान्यात नेऊ नको."

"काऊन बाबा?"

"लाकूड फुगून खिट्टी अडते. आपोआप सुटते."

 मी पुढचे बोलून टाकले, थांबलो असतो तर पुन्हा बोलता आले नसते. "मी भिजवली नाई ती. डोहात उतरलोच नाई. दोन वर्षांपासून नाई उतरलो. मले भेव लागते पान्याचं."

 मला वाटले, आता ती फोन ठेवेल. मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, ती बुधवारी सुटली."

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. वच्छला सांगते की मी नुसते तिचे नाव घेत होतो.

दिव्याने सांगितले ते असे. आधीच्या रविवारी बोटीवरून आल्यावर काठी पिंपातच राहून गेली होती. बुधवारी ती आणि उर्वशी खडकाशी उतरल्या. उर्वशी पुढे होती. दिव्याचे कोपर खडकाला घासले आणि सळई उर्वशीच्या कानाजवळून गेली. घोड्यावर आपले बोट नव्हते असे दिव्याला वाटत होते. पण काठी बाबांची, तेव्हा ती अशी सुटणार नाही. म्हणजे आपलेच बोट लागले असणार. उर्वशीने दोष दिला नाही, पण दिव्याने त्या दिवसापासून काठीला हात लावला नव्हता. कामावरच्या मालकाला तिने सांगून टाकले होते की मे महिन्यापासून मी कामावर येत नाही, माझा हात भरवशाचा राहिला नाही. आम्हाला सांगितले नव्हते. "तुमाले काय सांगू म्हनलं."

मी विचारले, "काठी कुठी आहे?"

"उर्वशीकडं. तिचा हात स्थिर आहे. उद्या तीच मारनार, मी पुढं राहीन."

"आता जा," मी म्हणालो. "आता."

तिने फोन चालूच ठेवला. तिच्या पळण्याचा आवाज आला, मग दार, मग दोघींचे बोलणे, पण शब्द कळत नव्हते. आम्ही चौघे त्या फोनकडे पाहत बसलो.  मध्येच काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि वच्छलाने माझा खांदा इतका दाबला की अजून दुखतो. मला आजवर डोहात जितकी भीती वाटली ती या वेळेपुढे काही नव्हती. किती वेळ गेला ते कोणी पाहिले नाही.

दिव्या परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. "पिंपात होती. काढली. खिट्टी खोलून ठेवली. लाकूड फुगलं आहे बाबा, खिट्टी पुरी खाली बसतच नव्हती."

"बरं," मी म्हणालो. 

 मग दिव्या म्हणाली, "म्हनजे माझं बोट नव्हतं?"

"नाई."

"नक्की?"

"नाई म्हनलं ना माय."

तेव्हा ती रडायला लागली. ती आठ वर्षांची असल्यापासून मी तिला रडताना ऐकले नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लिहून द्या मले, बाबा. फोनवर नको. लिहून द्या. मले ते उर्वशीले दाखवाचं आहे, मालकालेही दाखवाचं आहे."

म्हणून पुढील दोन कलमे जोडत आहे. आठव्या कलमातला शेवटचा ठराव, म्हणजे मी मेल्यावर तिला वाचून दाखवावे हा, रद्द समजावा.

कलम नववे. सोमवारी मी डोहात उतरणार हे कायम आहे. पोचू म्हणतो, पहिल्या दिवशी फक्त गुडघ्यापर्यंत. दोरी माझ्या कमरेला राहील आणि दुसरे टोक त्याच्या हातात. मला अजूनही मरण्याची भीती वाटते, त्यामुळे वरची सर्व कलमे तशीच ठेवावी. जोपर्यंत मी स्वतः उतरून अकरा बाण मारत नाही तोपर्यंत माझ्या हातची एकही नवी काठी घराबाहेर जाणार नाही. गेल्यास वच्छलाने ती चुलीत घालावी.

कलम दहावे. हे कलम मी जिवंत असतानाच लागू आहे. याची नक्कल आजच फोटो काढून मालवणला पाठवत आहे. बुधवार, दिनांक नऊ एप्रिल रोजी समुद्रात जी पाणकाठी सुटली, ती मी, इस्तारी लटारू पचारे, याने बनवली होती. ती मी भिजवली नव्हती व मारून पाहिली नव्हती, कारण मी पाण्याला भ्यालो होतो. चूक माझ्या हाताची होती. माझी मुलगी दिव्या हिच्या हाताची नव्हती. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांसमोर लिहून देत आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला व तो बरोबर आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच.

लिहून देणार:
(सही) इस्तारी लटारू पचारे

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली व ज्यांनी लिहून देणाऱ्याच्या समक्ष आपापली सही केली:

१. (सही) वामनराव गोविंदा शेंडे, राहणार डोंगाटोली. तिसऱ्या कलमातले उद्गार माझे आहेत, ते मी परत घेतो.

२. (सही) पोचू कोमटी मडावी. मला वाचून दाखवले. आयकले.

ठिकाण: मौजा डोंगाटोली, तालुका चामोर्शी
दिनांक: १२ एप्रिल २०२५, शनिवार